तळटीप : ‘हातचं राखून बोलणं’

* लेखकाचा रोख महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’ या नाटकाकडे आहे. वृद्ध साहित्यिक राजाध्यक्ष तरुण संशोधक प्रज्ञाला आपलं आयुष्य सांगतात. पत्नी उत्तरा आणि तिची बहीण वासंती यांच्यातला गुंता मात्र जो तो आपल्या सोयीने सोडवतो. घोटावड्यासारख्या गावी जत्रेच्या तमाशात बाहेरख्याली नवऱ्याची सोंगाड्या चव्हाट्यावर टर उडवतो. या नाटकात मात्र सगळं सभ्य, घोटीव मराठीच्या आड. हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘बिट्रेयल’मध्ये (१९७८) तर बायकोचं आपल्या मित्राशी असलेलं प्रकरण नवऱ्याला चार वर्षं ठाऊक असतं, तरी तो त्या मित्राशी बोलतो ते पुस्तकांविषयी आणि स्क्वॉशविषयी. प्रसंग बहुतांशी उलट्या क्रमाने येत असल्याने प्रेक्षकाला मात्र त्या साध्या गप्पाही बोचतात.