निर्देशांक वधारला, पण आपल्या गुंतवणुकीचे काय?

नाशिक : मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन रस्ते जेथे मिळतात, त्या द्वारका चौकातील गर्दीवरून शहरातील वाहतुकीचा अंदाज बांधता येतो. मात्र आपल्या घरासमोरचा रस्ता मोकळा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. शेअर बाजाराच्या निर्देशांकाचेही तसेच आहे. 'सेन्सेक्स वधारला' ही बातमी वाचून आनंदलेला गुंतवणूकदार डीमॅट खात्याचे विवरण उघडतो, तेव्हा त्याच्या समभागांचे मूल्य घटलेले असू शकते. यात निर्देशांकाची चूक नसते; तो कशाचे मोजमाप करतो, हे आपण ध्यानात घेतलेले नसते.

निर्देशांक कसा ठरतो?

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला. त्यात ३० कंपन्या असून १९७८-७९ या आधारवर्षातील मूल्य १०० धरलेले आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टीत ५० कंपन्या असून ३ नोव्हेंबर १९९५ चे मूल्य १००० मानलेले आहे. म्हणूनच सेन्सेक्सचा आकडा निफ्टीपेक्षा मोठा दिसतो. त्यावरून कोणता निर्देशांक श्रेष्ठ, हे ठरत नाही.

या यादीत सर्व कंपन्यांचे वजन सारखे नसते. समजा, एखाद्या कंपनीचे १०० कोटी समभाग आहेत, भाव २०० रुपये आहे आणि ६० कोटी समभाग प्रवर्तकांकडे आहेत. कंपनीचे एकूण बाजारमूल्य २० हजार कोटी रुपये होते. परंतु निर्देशांकासाठी खरेदी-विक्रीस खुल्या असलेल्या ४० कोटी समभागांचे ८ हजार कोटीच धरले जातात. 'फ्री फ्लोट' नावाची ही पद्धत सेन्सेक्सने १ सप्टेंबर २००३ पासून, तर निफ्टीने २००९ मध्ये स्वीकारली. परिणामी मोजक्या बड्या बँका आणि कंपन्या वधारल्या, तर इतर अनेक समभाग घसरूनही निर्देशांक वर जाऊ शकतो.

अंश नव्हे, टक्के पाहा

२८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळ्याच्या काळात, सेन्सेक्स ५७० अंशांनी कोसळला. लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, तो सुमारे ४,३९० अंशांनी घसरला. आकडा पाहता दुसरी घसरण कितीतरी मोठी वाटते. प्रत्यक्षात १९९२ ची घट १२.७७ टक्के, तर २०२४ ची ५.७४ टक्के होती. ठळक मथळ्यातील अंश वाचून समभाग विकण्याची घाई करण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येकाने करावा.

यादी बदलते, खाते बदलत नाही

निर्देशांकातील कंपन्यांचा वेळोवेळी आढावा घेतला जातो. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटरचा गैरव्यवहार उघड होताच तिला सेन्सेक्समधून वगळून सन फार्माला स्थान देण्यात आले. निर्देशांक पुढे गेला. सत्यमचे समभाग बाळगणाऱ्यांच्या खात्यातील तोटा मात्र तसाच राहिला. अर्थात, वगळणे म्हणजे कंपनी बुडणे नव्हे. सातपूर येथे कारखाना असलेली बॉश २०१८ मध्ये निफ्टीतून बाहेर पडली, पण तिचा व्यवसाय सुरूच राहिला. सातपूरलाच प्रकल्प असलेली महिंद्रा अँड महिंद्रा मात्र दोन्ही निर्देशांकांत आहे.

तुलना कशाशी करावी?

लहान कंपन्यांचे समभाग घेऊन त्यांची तुलना सेन्सेक्सशी करणे योग्य नाही. त्यासाठी स्मॉलकॅप निर्देशांक आहेत. शिवाय रोजच्या बातमीतील सेन्सेक्समध्ये लाभांश धरलेला नसतो. तो धरून काढलेल्या निर्देशांकास 'टोटल रिटर्न' निर्देशांक म्हणतात. म्युच्युअल फंडांनी आपली कामगिरी याच निर्देशांकाशी ताडून दाखवावी, असे बंधन 'सेबी'ने १ फेब्रुवारी २०१८ पासून घातले. केवळ भावावर आधारित निर्देशांकाशी तुलना केल्यास फंडाची कामगिरी आहे त्यापेक्षा सरस भासते.

ज्यांना समभाग निवडण्यास सवड नाही, त्यांच्यासाठी इंडेक्स फंडाचा पर्याय आहे. निर्देशांकातील कंपन्या त्याच प्रमाणात घेतल्या जात असल्याने यादीतील बदल फंडच करतो. खर्चाचे प्रमाण आणि निर्देशांकाशी असलेली तफावत, या दोन बाबी तेवढ्या तपासाव्यात. बाजाराची जोखीम मात्र येथेही टळत नाही.

सेन्सेक्सने सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांचा टप्पा ओलांडला. आधारवर्षापासून मोजल्यास ही वाढ वार्षिक सरासरी सुमारे १६ टक्के ठरते. पण ही सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. १० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २१,२०६ पर्यंत चढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यवहारादरम्यान ८ हजारांच्याही खाली आला. तो उच्चांक मोडण्यास नोव्हेंबर २०१३ उजाडले. ज्यांना मुलीच्या शिक्षणासाठी वा निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी २००९ मध्येच पैसे हवे होते, त्यांना ही पाच-सहा वर्षे थांबणे शक्य नव्हते. म्हणून निर्देशांक पाहण्यापूर्वी, आपल्याला हा पैसा केव्हा लागणार आहे, हे प्रथम ठरवावे. नजीकच्या दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम बाजारात न ठेवणेच हिताचे.