जुन्या मोटारींची रॅली आणि राबणाऱ्या मोटारी

मोटारींच्या रॅलीला आपल्याकडे सर्रास शर्यत म्हणतात, आणि पहिला घोटाळा येथेच होतो. शर्यत म्हणजे काय हे रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाला शिकवावे लागत नाही. ओहोटीला वाळू ओली आणि टणक झाली की बैलगाड्या सुटतात आणि आधी पोहोचेल तो जिंकतो, एवढा साधा कायदा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी दिली. मधल्या सात वर्षांत कोणी ओरडायला विसरले होते असे आम्हांला तरी दिसले नाही. अशा प्रेक्षकाला जुन्या मोटारींची रॅली पहिल्यांदा पाहताना फसल्यासारखे वाटते. मोटारी एका मिनिटाच्या अंतराने, एकेक अशा सुटतात. कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. आणि सर्वांत आधी पोहोचलेला गृहस्थ संध्याकाळी यादीत शेवटी असतो!

याचे कारण असे की ही परीक्षा वेगाची नसून नेमाची असते. अमुक टप्पा तासाला अमुक मैलांच्या सरासरीने कापावयाचा असे आधीच ठरवून देतात. वाटेत वेळ टिपणारे पंच बसलेले असतात. त्यांतील काही कोठे बसले आहेत हे चालकाला माहीत नसते. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दंडाचे गुण, आणि लवकर आला तरी दंडाचे गुण. उशिरा येणाऱ्याचा अर्धा रोज कापणारी टाइम ऑफिसे आम्ही तीस वर्षांत पुष्कळ पाहिली. लवकर येणाऱ्याचाही कापणारे एवढे एकच. चालकाशेजारी एक साथीदार असतो. त्याच्या मांडीवर वही आणि वहीत प्रत्येक वळणाचे छोटे चित्र. चित्रातील गोल म्हणजे तुम्ही जेथे आहात ती जागा आणि बाण म्हणजे जावयाची दिशा. घड्याळ, मैलांचा काटा आणि ही वही यांचा मेळ घालणे हे त्याचे काम. चालक चुकला तर एक वळण चुकते, साथीदार चुकला तर अख्खा दिवस. मुंबईत हॉर्निमन सर्कलपासून जुन्या मोटारींची जी मिरवणूक निघते तिच्यात वेळेचा नेम नव्हे, मोटारीची निगा आणि अस्सलपणा यांवर गुण देतात. तोही प्रकार पाहण्यासारखा आहे, पण तो निराळा.

या खेळाचे मूळ विलायतेत सापडते. तेथे रस्त्यावरील यंत्रगाडीपुढे माणसाने चालत जावे असा कायदा होता, आणि आरंभी तर त्या माणसाच्या हाती तांबडे निशाण असे. १८९६ साली तो जाच गेला. त्या आनंदात १४ नोव्हेंबरला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. १९२७ साली त्या दिवसाची आठवण म्हणून जुन्या मोटारी पुन्हा त्याच वाटेने धावल्या, आणि ती प्रथा पुढे रुजली. इटलीत ‘मिले मिलिया’ ही हजार मैलांची खरीखुरी शर्यत १९२७ पासून चालली. १९५७ साली रस्त्याकडेच्या प्रेक्षकांत मोटार घुसून माणसे मेली तेव्हा ती बंद झाली. १९७७ पासून तिची आठवण म्हणून जुन्या मोटारींची नेमाची रॅली होते. आपल्याकडे १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी घेतली गेली. हे नवे यंत्र हिंदुस्थानच्या धुळीत आणि नदीनाल्यांत टिकते की नाही, हा तिचा प्रश्न होता. आजच्या रॅलीत ते यंत्र अजून चालते का, हा प्रश्न असतो. जुन्या मोटारींची म्हणून जी रॅली निघते ती दिल्लीत १९६४ साली स्टेट्समन पत्राने सुरू केली.

मुंबईच्या गोदी कामगाराला आणखी एक रॅली आठवेल. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ मोटारी सिडनीला जावयास निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या आग्रा रोडने मुंबईत आल्या, आणि मुंबईच्या बंदरात त्यांतील सत्तरांवर मोटारी ‘चुसान’ बोटीवर चढल्या. पुढे ऑस्ट्रेलियात स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन जिंकला. त्याची मोटार हिलमन हंटर. हे सर्व छापलेले आहे. त्या मोटारी बोटीवर चढवताना दोर कोणी आवळले, हे मात्र छापलेले नाही.

आमच्या किनाऱ्यावर मोटार उशिरा आली, आणि त्याला कारण खाड्या. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दर दहा-वीस कोसांवर समुद्र आत घुसलेला. येथला माणूस मुंबईला जाई तो बोटीने. त्या प्रवासाची किंमत १७ जुलै १९४७ रोजी कळली. रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यानंतरही कित्येक वर्षे खाडीपाशी रस्ता संपे आणि मोटार जंगलजेटीवर चढे. म्हणून जुन्या मोटारी हौसेने फिरवणारे लोक लोणावळ्याला जात, पुण्याला जात. अलिबागची वाट धरणारे थोडे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. पनवेल, पेण, वडखळ असा शंभर किलोमीटरचा फेरा वाचला, आणि मांडवा, झिराड, चोंढी या रस्त्यावर एखाद्या रविवारी जुन्या मोटारींचा जथा दिसू लागला.

तो पाहावा कसा, याविषयी आमचा एक शिरस्ता आहे. चकचकीत बॉनेटकडे आम्ही नंतर पाहतो. प्रथम यंत्र उभ्या मोटारीत कसे फिरते ते ऐकावे. जुने यंत्र नीट लावलेले असेल तर त्याचा ठोका शिवणयंत्रासारखा पडतो. मग चालकाचा डावा पाय पाहावा. जुन्या गिअरपेटीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि ज्याला ते जमते त्याच्या हातून दात करकरत नाहीत. आणि सर्वांत शेवटी, जथ्याच्या मागून येणाऱ्या जीपकडे पाहावे. तिच्यात हत्यारांची पेटी असते, पाण्याचे डबे असतात, आणि कळकट बाह्यांचा एक माणूस असतो. कार्लेखिंडीच्या चढावर, एप्रिलच्या उन्हात, नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन एखादी शेवरोले थांबली की मालक खाली उतरून टोपी सारखी करतो आणि हा माणूस नळीवर ओले फडके गुंडाळतो. पॉइंट घासणे, शिशाकथलाच्या ओतीव बेअरिंगला माप देणे, न मिळणारा सुटा भाग लेथवर कातून काढणे, सडलेला पत्रा ठोकून जुन्या घाटात आणणे, हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. ते गॅरेजात, शिव्या खात, एका हातून दुसऱ्या हातात जाते. बक्षिसाच्या फळीवर मालकाचे नाव असते, मोटारीचे असते, वर्षाचेही असते.

आता मुख्य प्रश्न. रॅलीत ज्या मोटारी येतात त्या आजवर जगल्याच का? आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांवरील मोटारीला ऐतिहासिक मानते आणि तिने वर्गही पाडले आहेत : १९०४ पर्यंतची ‘पूर्वज’, १९०५ ते १९१८ ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० ‘व्हिंटेज’, आणि त्यापुढे आणखी. हे वर्ग वयाचे. परंतु मोटार जगते ती वयाने नव्हे, विश्रांतीने. संस्थानिकाच्या तबेल्यात जी उभी राहिली, व्यापाऱ्याच्या बंगल्यात जिच्यावर चादर पडली, ती वाचली. जी रोज राबली ती भंगारात गेली. आपल्या सरकारने यावर आता शिक्काही मारला आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील दुचाकी किंवा खासगी चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. फी वीस हजार रुपये. तिने रॅलीत, प्रदर्शनात जावे, पेट्रोल भरावे, दुरुस्तीला जावे. नित्याचा वापर किंवा धंदा करू नये. म्हाताऱ्या मोटारीला काम न करता सन्मानाने जगण्याचा हक्क मिळाला, याचा आम्हांला आनंदच आहे. (कामगाराच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली महिना हजार रुपये ठरली, पण तो विषय येथे नको.)

त्याच मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी घ्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. निदान एक तरी काळी-पिवळी जतन करा, असा अर्ज टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे केला होता. त्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे बंगल्यातील फियाट पन्नासाव्या वर्षी वारसा होते, आणि तिचीच सख्खी बहीण वीस वर्षे घर पोसून वजनावर विकली जाते.

आणि या बहिणी जन्मल्या कोठे? रॅलीत मोटारीच्या नाकावरचे शेवरोले, फोर्ड, डॉज हे बिल्ले वाचून आपण त्या परदेशी समजतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून येत आणि मोटार येथे उभी राहत असे. मोटार येथेच घडवावयाची तयारी नसेल तर नुसती जोडणी नको, असे सरकारने ठरवले तेव्हा १९५४ साली तो कारखाना गुंडाळला गेला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि फार्गो, मग फियाट निघाल्या. पाठीला फुगीर असलेल्या जुन्या फियाटला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढे याच घराण्यातील गाडीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, ती पद्मिनी.

राणीचे नाव मोटारीवर गेले. ती बांधणाऱ्याचे नाव कोठे आहे? एका जागी ते आहे, आणि ते आम्ही मुद्दाम येथे सांगणार. १९५८ साली प्रीमियरच्या कामगारांचा दीर्घ संप झाला आणि त्याच्या पाठिंब्यासाठी त्या जुलैत मुंबईने एक दिवसाचा सार्वत्रिक संप केला. त्यातील हजारोंची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण १९७१ साली मोटार उत्पादन खात्यातील प्रोत्साहन वेतनाबाबत कंपनीने एका युनियनशी करार केला; त्या खात्यातील बरेच कामगार दुसऱ्या युनियनचे होते आणि त्यांना तो करार मान्य नव्हता. त्यांतील काहींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ साली निकाल झाला : औद्योगिक विवाद कायद्याने दिलेला हक्क बजावून घ्यावयाचा असेल तर त्याच कायद्याची वाट धरावी, दिवाणी न्यायालयाची नव्हे. कामगार हरले. खटल्याचे नाव ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके’. कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल वाचावा लागतो. आम्ही तो रात्रीच्या वेळी, शब्दकोश शेजारी ठेवून, तीन आठवड्यांत वाचला. पद्मिनी बांधणाऱ्या खात्यातील एक नाव टिकले ते असे, हरलेल्या दाव्याच्या मथळ्यावर.

एस. टी. याबाबतीत बरी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे महामंडळ आजही सांगते. त्या वेळी बेडफर्ड, अल्बियन, स्टुडबेकर, मॉरिस अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहाही बनावटी एका रांगेत उभ्या केल्या तर कोणत्याही रॅलीला मागे टाकतील. पण बसला व्हीए क्रमांकाच्या नियमात जागाच नाही.

आमच्या जिल्ह्यात रस्ता आणि गाडी यांचा हिशेब दुसऱ्याच तऱ्हेने होतो. महाडजवळचा सावित्रीवरील दगडी पूल १९२८ चा, म्हणजे मोटारींच्या भाषेत अस्सल ‘व्हिंटेज’. त्या सालच्या मोटारीला आठवड्यातून एकदा जरी चालवले तरी आधी तेल पाहतात, ब्रेक पाहतात, मिस्त्री खाली झोपून साऱ्या सांध्यांवर नजर फिरवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, तो पूल गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस. टी. गाड्या त्याबरोबर गेल्या, आणि माणसांचा शोध नदीच्या मुखापर्यंत दिवसेंदिवस चालला. त्या गाड्यांचे चालक-वाहक कामावर होते.

मांडव्याला रो-रो लागते तेव्हा धक्क्याबाहेर मिनीडोअर उभ्या असतात. तीन चाके, पुण्याच्या बजाज टेंपोची बनावट, आणि आत किती माणसे बसतात हे आर. टी. ओ. ला विचारू नये. अलिबाग तालुक्यातील अर्धी लग्ने, सारी बाळंतपणे आणि मासळीच्या पाट्या या गाडीने वाहिल्या आहेत. तीनचाकी म्हणून ती नियमातून एकदा बाद, भाड्याची म्हणून दुसऱ्यांदा बाद. किनाऱ्यावर पुढची रॅली भरवणाऱ्या मंडळींना आम्ही दोन गोष्टी सुचवल्या आहेत. पुस्तिकेत प्रत्येक मोटारीखाली मालकाच्या नावाशेजारी तिच्या मिस्त्रीचे नाव छापावे, आणि सर्वांत जुनी चालती मिनीडोअर, तिच्या चालकासह, जथ्याच्या अग्रभागी ठेवावी. पहिली सूचना त्यांनी लिहून घेतली. दुसरीवर ते हसले, आणि मिनीडोअरला ठरलेली सरासरी जमेल का असे विचारू लागले. अलिबागहून चोंढीला ती किती मिनिटांत पोहोचते हे घड्याळ लावून पाहायचे आम्ही त्यांना सांगितले आहे. चालक सांगतो, बावीस.