त्राटिकेचा होकार



गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की आपल्यातली एखादी हमखास म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." आपण सगळ्या गालात हसतो. हिंजवडीच्या पोरांना डबे द्यायचे की शिलाई मशीन घ्यायचं, हे तिनं घरून निघतानाच ठरवलेलं असतं.

ही युक्ती फार जुनी आहे. आपल्या पणज्यांच्या काळात शाहूनगरवासी नाटक मंडळीचं 'त्राटिका' हे नाटक गाजलं. शेक्सपिअरच्या विनोदी नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते मराठीत आणलं. गणपतराव जोशी प्रतापराव व्हायचे आणि बळवंतराव जोग त्राटिका. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. रामायणातल्या राक्षसिणीचं नाव तोंडाळ बाईला दिलेलं!

मूळ गोष्टीत नवरा तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही. मग माहेरी जाताना भरदुपारी सूर्याला चंद्र म्हणतो. नाही म्हटलं तर वाटेतूनच परत फिरायचं. ती म्हणते, बरं, चंद्र तर चंद्र. तुम्ही दिवा म्हणालात तर दिवा. शेवटी नवऱ्याची आज्ञा पाळा, असं लांबलचक भाषण ती इतर बायकांना देते.

ती हरली की तिनं सोंग घेतलं, यावर आजही वाद होतो. आम्हाला वाटतं, सूर्य तिला दिसत होताच. पण माहेर गाठायचं होतं. आणि बघा, मान तुकवल्यावरच सगळे तिचं इतका वेळ ऐकून घेतात.

पण त्याच काळात मुंबईत रखमाबाईंनी सोंग घेतलं नाही. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, न पटलेला नवरा. 1887 साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

त्राटिकेला नावं ठेवायची नाहीत. उपाशी बाईला जेवणापुरतं खोटं बोलावं लागतं. तिच्या 'हो'नं ती घरी पोचली, पण घर तिच्या नावावर झालं नाही.

आपल्या मारुंजीत जमिनीला सोन्याचा भाव आला. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरी भाऊ हक्कसोडीचा कागद पुढे करतो आणि माहेर तुटू नये म्हणून आपण सही करतो. तिथेही दुपारच्या उन्हात चंद्रच म्हणतो आपण. फरक एवढाच, की तोंडाचा होकार उद्या फिरवता येतो. नोंदलेली सही फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

तेव्हा बायांनो, "ह्यांना विचारून सांगते" खुशाल म्हणा. पण कागद समोर आला की आधी वाचा, गटात दाखवा आणि मगच पेन हातात घ्या.