अपुरी राहिलेली मळणी

मळणीचें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मध्यें तिवडा, त्याभोवतीं संथपणें फिरणारी बैलांची पात आणि त्यांच्या खुरांखालीं कणसांतून सुटणारे दाणे. फ्रान्सच्या दक्षिणेस, ऱ्होन नदीच्या मुखाशीं, कामार्ग नांवाचा दलदलीचा मुलूख आहे. तेथें पूर्वीं हेंच काम घोड्यांकडून करवून घेत. आणि ते घोडे गव्हाच्या पेंढ्यांवरून चालत नसत, दौडत असत. हें दृश्य रंगविण्यासाठीं रोझा बोनर या चित्रकर्त्रीनें १८६४ च्या सुमारास एक भव्य पट उभारला. त्याची उंची १० फूट, तर रुंदी २१ फूट!

रोझा कांहीं नवशिकी नव्हती. १८२२ सालीं बोर्दो येथें जन्मलेल्या या बाईनें खाटीकखान्यांत जाऊन जनावरांची शरीररचना अभ्यासिली होती. पॅरिसच्या घोडेबाजारांत निर्वेधपणें रेखाटनें करतां यावीं म्हणून ती पुरुषी वेषांत जात असे. त्या परिश्रमांतून उतरलेलें 'घोड्यांचा बाजार' हें चित्र १८५३ सालीं प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि तिची कीर्ति इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोंचली. १८६५ सालीं सम्राज्ञी युजेनी हिनें स्वतः तिच्या घरीं येऊन 'लीजन ऑफ ऑनर' हें मानचिन्ह तिला दिलें. तोंपर्यंत कोणाहि स्त्री-कलावंतास हा मान लाभलेला नव्हता.

मग हेंच चित्र कां अडावें? बाजारांतला घोडा कितीहि उसळला, तरी त्याचा लगाम मोतद्दाराच्या हातीं असतो. येथें एकमेकांस खेटून धांवणारे घोडे, पायांखालीं सरकणारा पेंढा आणि त्यांत बुडालेले खूर. हाडें व स्नायु ठाऊक असले, म्हणजे धांव ठाऊक होते असें नाहीं. पुढचे-मागचे पाय ताणून अधांतरीं झेपावणारा घोडा चित्रकार शतकानुशतकें काढीत आले होते. परंतु १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिजनें घेतलेल्या छायाचित्रांवरून दिसलें, कीं घोड्याचे चारहि खूर भूमीपासून सुटतात ते पाय पोटाखालीं गोळा होतात तेव्हां. डोळा इतका फसवितो!

रोझाच्या चित्रांस गिऱ्हाइकांची वाण नव्हती. सराईत हातानें हा पट रंगवून ती मोकळी होऊं शकली असती. तसें तिनें केलें नाहीं. ती इतर चित्रें पुरीं करी, आणि पुन्हां या पटाकडे वळे. अशीं पस्तीस वर्षें लोटलीं. २५ मे १८९९ रोजीं तिचा अंत झाला, तेव्हांहि तें चित्र अपुरेंच होतें. आज तें तिच्या जन्मगांवींच, बोर्दोच्या संग्रहालयांत आहे.

मळणींत दाणा व भूस निराळें होतें. मानमरातब पदरीं पडल्यावरहि, जें साधलें नाहीं तें साधलें असें या बाईनें स्वतःस सांगितलें नाहीं. तिच्या पुऱ्या झालेल्या चित्रांइतकेंच हें अपुरें चित्रहि म्हणूनच मोलाचें वाटतें.