बियाण्यातलं विष

हेक्साक्लोरोबेंझिन, म्हणजे बेंझिनच्या सहाही हायड्रोजनच्या जागी क्लोरीन. पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत साठतं. हे तुम्ही पाठ केलं असेलच. आता 1955 नंतरच्या आग्नेय तुर्कस्तानात चला. काणी रोगापासून वाचवायला हे बुरशीनाशक लावलेला गहू तिथे पेरणीसाठी वाटला होता. लोकांनी तो दळून खाल्ला. हजारो जणांना पॉर्फिरिया झाला: उन्हाने कातडीवर फोड, लालसर लघवी, चेहऱ्यावर दाट केस. पण गव्हाचा दाणाही न खाल्लेली तान्ही बाळं का दगावली? वरचा गुणधर्म पुन्हा वाचा. विष आईच्या दुधातून उतरत होतं. त्या आजाराला लोक ‘पेंबे यारा’ म्हणत, म्हणजे गुलाबी जखम. 1959 मध्ये वापर थांबला; वीसेक वर्षांनी तपासलं, तर तिथल्या आयांच्या दुधात ते अजून होतंच.