काटेरी पाहुण्याची पाठवणी

एखाद्या समाजाच्या दयाबुद्धीचा इतिहास लिहावयाचा झाला, तर राजे आणि संत यांच्याबरोबर काही अगदी क्षुल्लक प्राण्यांचीही साक्ष काढावी लागेल. ब्रिटनमधील हेजहॉग हा असाच एक साक्षीदार आहे. आपल्याकडील साळिंदराशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. साळिंदर हा कुरतडणारा प्राणी. हेजहॉग हा किडे, गोगलगायी व गांडुळे यांवर जगणारा, ओंजळीत मावणारा निशाचर जीव. संस्कृत कोशांत त्याला ‘जाहक’ असे नाव आहे, आणि त्याचे भाईबंद आपल्या राजस्थानात, कच्छात व तमिळनाडूतही आढळतात. धोका दिसला की अंगाचा चेंडू करावयाचा आणि पाचसहा हजार काटे बाहेर रोखावयाचे, एवढेच काय ते त्याचे शस्त्र.

या गरीब प्राण्यावर इंग्लंडात एके काळी मोठा आळ होता. रात्री निजलेल्या गायींचे दूध तो चोरून पितो, अशी खेडुतांची पक्की समजूत होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, 1566 साली, धान्याच्या रक्षणासाठी जो कायदा झाला, त्यात उपद्रवी पशुपक्ष्यांच्या यादीत हेजहॉगचेही नाव घातले गेले. त्याच्या मस्तकासाठी दोन पेनी इनाम ठरले. गावोगावच्या चर्चच्या हिशेबवह्यांत ही दोन-दोन पेनींची नोंद पुढे कित्येक पिढ्या होत राहिली. वस्तुतः गायीचे दूध या प्राण्याला पचतच नाही. ते प्याल्याने त्याला हगवण लागते. ज्या दुधाच्या चोरीसाठी त्याला देहदंड झाला, तेच पुढे दयाळू लोक बशीत घालून त्याच्यापुढे ठेवू लागले आणि त्यानेही त्याला अपायच झाला. द्वेष आणि दया या दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान होते.

विसाव्या शतकात लोकांची दृष्टी पालटली. 1905 साली बिअट्रिक्स पॉटर या लेखिकेने आपल्या बालकथेत टिगी-विंकल नावाची हेजहॉग परटीण रंगविली आणि हा ‘चोर’ मुलांच्या कौतुकाचा विषय झाला. 1978 साली लेस स्टॉकर यांनी बकिंगहॅमशायर परगण्यात वन्यपशूंच्या शुश्रूषेस आरंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला याच परटिणीचे नाव मिळाले. 1982 साली मेजर एड्रियन कोल्स यांना, गुरांना अडविण्यासाठी रस्त्यात खणलेल्या व लोखंडी गज टाकलेल्या खड्ड्यात अडकलेला हेजहॉग दिसला. अशा खड्ड्यांतून प्राण्यांना चढून येण्यासाठी उतरण बांधावी, यासाठी त्यांनी खटपट केली आणि हेजहॉगच्या रक्षणार्थ एक संस्थाच काढली.

या शुश्रूषेचे शास्त्र अनुभवाने सिद्ध झाले आहे. हा निशाचर प्राणी भरदिवसा उघड्यावर लोळत पडलेला दिसला, तर बहुधा तो आजारी समजावा. प्रथम त्याला ऊब द्यावयाची, मग पाणी, आणि त्यानंतर मांसयुक्त अन्न. गोगलगायींतून शिरलेले कृमी फुप्फुसांत घर करतात, त्यांवर औषध द्यावे लागते. शरद ऋतूत उशिरा जन्मलेली पिले हिवाळ्याची दीर्घ झोप सोसण्याइतकी पुष्ट नसतात. त्यांचे वजन पाचसहाशे ग्रॅमपर्यंत वाढवावे लागते.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला प्राणी रानात जगेल काय? की सोडणाऱ्याच्या मनाला तेवढे समाधान आणि प्राण्याला मात्र सावकाश मरण? 1990 नंतरच्या काही वर्षांत पॅट मॉरिस व ह्यू वॉरिक यांनी डेव्हन परगण्यात, रान कधी न पाहिलेल्या पिलांच्या अंगावर लहान रेडिओ-यंत्रे बसवून ती सोडली आणि रात्रीमागून रात्री त्यांचा माग काढला. काही पिले बॅजर या श्वापदाच्या तोंडी पडली, काही मोटारींखाली सापडली. पण त्यांना अन्न शोधता आले, घरटी करता आली, वाटाही सापडल्या.

या ज्ञानाची कसोटी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील यूस्ट बेटांवर लागली. तेथे हेजहॉग मूळचे नव्हेतच. 1974 साली बागेतील गोगलगायी खाण्यासाठी कोणी चारदोन आणून सोडले. त्यांची प्रजा वाढली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी ती फस्त करू लागली. पक्ष्यांची बाजू खोटी नव्हती. 2003 साली सरकारच्या निसर्गरक्षण खात्याने हेजहॉगना सुई टोचून मारण्यास प्रारंभ केला. मुख्य भूमीवर नेऊन सोडल्यास ते हालहाल होऊन मरतील, त्यापेक्षा हा मृत्यू बरा, असा खात्याचा युक्तिवाद होता. प्राणिप्रेमी संघटनांनी उलट, जिवंत हेजहॉग आणून देणाऱ्या बेटवासीयांना बक्षीस जाहीर केले. 1566 साली इनाम मारण्यासाठी होते. आता ते वाचविण्यासाठी आले! मग हलविलेल्या हेजहॉगांचाही रेडिओने माग घेण्यात आला. धडधाकट असलेले नव्या भूमीत तगतात असे दिसून आले, आणि 2007 साली खात्याने हत्या थांबवून स्थलांतराचा मार्ग पत्करला.

शासनाच्या कामाशी ज्याचा संबंध आहे, त्याला या प्रकरणात बरेच शिकण्यासारखे आहे. खात्याचा हेतू वाईट नव्हता आणि निर्णयामागे तर्कही होता. मात्र तर्कातील मुख्य गृहीत तपासण्याचे काम हत्येच्या आधी व्हावयास हवे होते, ते शेकडो प्राणी मेल्यावर झाले. दुसऱ्या पक्षाचेही यश केवळ कळवळ्याचे नव्हते. कळवळ्याला अंधारात हिंडून गोळा केलेल्या पुराव्याची जोड मिळाली, तेव्हाच सरकारी मत बदलले.

माणसांप्रमाणे पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे अशोकाने गिरनारच्या शिलालेखात नमूद करून ठेविले आहे, आणि आपल्या पांजरपोळांत असहाय जनावरांचा जन्मभर सांभाळ होत आला आहे. वन्य प्राण्याच्या शुश्रूषेचा धर्म थोडा निराळा आहे. तेथे माया लावून घेता येत नाही. प्राणी बरा झाला की संध्याकाळच्या वेळी, रहदारीपासून दूर, जेथे अन्न व निवारा आहे अशा जागी त्याला ठेवून आपण मागे फिरावयाचे असते. 2020 साली ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या धोक्याच्या यादीत हेजहॉगची गणना झाली. झुडुपांचे जुने बांध गेले, मोटारी वाढल्या. तेव्हा बरा झालेला पाहुणा सोडावयाचा तो कोठे, हा प्रश्न आता औषधोपचारापेक्षाही अवघड होऊन बसला आहे.