कंदिलाच्या काचा

मुलगी तिसरीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत पालकसभा होती म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. प्रगतिपत्रक नव्या नमुन्याचं. भाषा, गणित, परिसर अभ्यास झाल्यावर मागच्या पानावर आणखी एक तक्ता होता. इतरांच्या भावना समजून घेते. राग आवरते. मिळून मिसळून वागते. प्रत्येकापुढे तीन चौकटी: 'नेहमी', 'कधी कधी', 'मदतीची गरज'.

मी सरकारी कारकून. वीसेक वर्षं तक्ते भरण्यात आणि दुसऱ्यांनी भरलेले तपासण्यात गेली. त्यामुळे तक्ता पाहिला की तो कसा भरला जाणार हे मला आधीच कळतं. पहिल्या चौकटीत खूण केली तर वरून विचारणा होते, तिसरीत केली तर पालक भांडायला येतात. मग माणूस मधली चौकट धरतो. मुलीच्या पत्रकावर सगळ्या खुणा मधल्याच होत्या. शेजारच्या बाकावरच्या पालकांचं पत्रक हळूच पाहिलं, तिथेही तेच. बाईंपुढे असल्या पत्रकांचा ढीग होता आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांना काय बोलणार?

घरी येताना बसमध्ये साने गुरुजी आठवले. आपल्याकडे गुरुजींचं नाव काढलं की एक तर लोक हळवे होतात, नाही तर हसतात. 'श्यामची आई' वाचून रडलो होतो असं सांगणारे भेटतात, आणि 'फार रडकं बुवा' म्हणणारेही भेटतात. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि गुरुजी म्हणजे डोळ्यांतलं पाणी हे समीकरण पक्कं झालं. पण अमळनेरच्या वसतिगृहात त्यांनी जे केलं त्यात रडणं थोडं आणि राबणं फार होतं. ते कोणी सांगत नाही.

पांडुरंग सदाशिव साने हे दापोली तालुक्यातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९. घराणं खोताचं, पण वडिलांच्या काळात सगळं गेलं. शिक्षणासाठी दापोली, मग औंध, मग पुणे अशी वणवण झाली. औंधला गेले ते गरीब मुलांची तिथे जेवणाची सोय होते असं ऐकून. उपाशीपोटी वर्गात बसलं की फळ्यावरचं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९१७ च्या नोव्हेंबरात आई गेली तेव्हा ते शिकायला पुण्यात होते. शेवटची भेट झाली नाही.

१९२३ साली ते खानदेशात अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. एम. ए. झाले. तिथल्या कोरड्या चर्चेत मन रमलं नाही, आणि १९२४ च्या जूनमध्ये गावातल्याच हायस्कुलात ते शिक्षक झाले. पुढे हीच शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. काही काळाने वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आजूबाजूच्या खेड्यांतली, पहिल्यांदाच घर सोडून आलेली मुलं तिथे राहत.

त्या मुलांच्या आठवणींतून जे चित्र उभं राहतं ते असं. गुरुजी पहाटे उठवत. मुलं शाळेच्या तयारीत असताना आणि नंतरही ते खोल्यांमधून फिरत. कोणाचं अंथरूण तसंच पडलेलं असे, ते गुंडाळत. कपडे चुरगळून टाकलेले असत, त्यांच्या घड्या करत. केर काढत. कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. यावर भाषण नाही. संध्याकाळी मुलगा परत आला की त्याला आपली काच लख्ख दिसे. दोन-चार दिवस असं झालं की तो स्वतःच ओशाळून काच पुसायला लागे. आजारी मुलाच्या उशाशी तर ते रात्र रात्र बसत.

शाळा वेगळी आणि वसतिगृह वेगळं असंही त्यांनी मानलं नाही. 'छात्रालय' नावाचं एक दैनिक ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज! आम्ही इथे आठवड्याला एक लेख लिहिताना टेकीला येतो. त्या हस्तलिखितात थोरांची चरित्रं असत, देशात काय चाललंय ते असे, कविता असत, आणि वसतिगृहातल्या रोजच्या गोष्टीही असत. म्हणजे इतिहास, भाषा आणि कालचं आपसातलं भांडण, सगळं एकाच कागदावर. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढलं. पुढे 'धडपडणारी मुले' ही कादंबरी लिहिली तिच्यात या दिवसांचाच ठसा आहे.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलाचं मन सांभाळणं हा गुरुजींच्या लेखी वेगळा तास नव्हता. अभ्यास बाजूला ठेवून चला आता भावना करू, असं काही नव्हतं. दिव्याची काच पुसली ती मुलाला रात्री नीट वाचता यावं म्हणूनच ना? मुलाला दोन्ही कळत होतं, धडाही आणि कोणीतरी आपल्याकडे बघतंय हेही.

आता कोणी म्हणेल, पूर्वी सगळेच शिक्षक असे होते. हे मला मान्य नाही. आपल्या गोव्याचंच घ्या. पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकायचं तर देवळाच्या अग्रशाळेत नाही तर कोणाच्या तरी ओसरीवर. बरेचसे मास्तर घाटमाथ्यावरून किंवा सावंतवाडीकडून आलेले, तुटपुंज्या पैशांवर राहिलेले. त्यांच्यामुळे आपली मराठी टिकली, हे ऋण मोठंच. पण माझे आजोबा पावकी-निमकीचे पाढे सत्तरीतही घडाघडा म्हणत आणि म्हणताना नकळत उजवा तळहात मागे घेत. छडी साठ वर्षांपूर्वीची, हात अजून तिथेच. तेव्हा पूर्वीचं सगळं गोड होतं असं नाही. अमळनेर अपवाद होता, म्हणून तर सांगावासा वाटतो.

या विषयाचं जे इंग्रजी नाव आज परिपत्रकांत मराठी होऊन येतं, 'सामाजिक-भावनिक शिक्षण', त्याचीही एक हकीकत आहे. ती अमेरिकेतली. न्यू हेवन नावाच्या गावात येल विद्यापीठ आहे. तिथले एक बालमनोविकारतज्ज्ञ, जेम्स कोमर, यांनी १९६८ साली गावातल्या दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केलं. मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, घरं गरीब, वाचन आणि गणितात शहरात तळाला. कोमर स्वतः कृष्णवर्णीय, त्यांची आई लोकांच्या घरी काम करणारी आणि जेमतेम शाळा पाहिलेली, तिने मुलांना शिकवलं. लहानपणीचे त्यांचे काही मित्र त्यांच्याइतकेच हुशार होते पण वाया गेले. का गेले, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

या माणसाने मुलांना भावनांचे धडे देण्यापासून सुरुवात केली नाही. आधी मोठ्यांना एका टेबलाशी बसवलं. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, समुपदेशक. आणि नियम घातला की कोणी कोणाला दोष द्यायचा नाही, अडचण कशी सोडवायची तेवढंच बोलायचं. सुरुवात सोपी गेली नाही, पण काही वर्षांनी त्याच शाळांतल्या मुलांचे वाचन-गणिताचे गुण वर आले. पुढे १९९४ साली अमेरिकेतल्याच काही अभ्यासकांनी एकत्र येऊन या साऱ्या प्रकारच्या कामाला ते नाव दिलं. २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पावणेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. मुलांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातही ती शंभरांच्या रांगेत सुमारे अकरा जागा पुढे सरकली होती. आणि हे काम बाहेरचा तज्ज्ञ न येता वर्गातल्या नेहमीच्या शिक्षकांनी केलं तरी चांगलं साधत होतं. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली 'हॅपिनेस'चा रोज पाऊण तास सुरू झाला, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हा विषय आला. आणि मग तो तीन चौकटींचा तक्ता माझ्या मुलीच्या पत्रकावर.

कोमरांनी मोठ्यांना आधी बसवलं, ही गोष्ट वाचली तेव्हा मला गुरुजींच्या गोष्टीतली एक जागा एकदम दिसली. अमळनेरला असं टेबल नव्हतं. होता तो एकटा माणूस. १९३० मध्ये गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहात गेले आणि वसतिगृहातलं ते पर्व संपलं. काच पुसणारा गेला की काच पुन्हा काजळते. पुढे धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी टिपून घेतली, नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण, गांधीजींच्या खुनानंतर एकवीस दिवसांचं उपोषण, १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

शाळेत असताना आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात नुसती जन्म-मृत्यूची सालं. कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि फार राग आला होता, कोणाचा ते कळेना. आज वाटतं, शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उशाशी कोण बसलं होतं? मित्र होते, माया करणारे खूप होते. तरीही. मुलांच्या मनाबद्दल आज पानंच्या पानं लिहिली जातात, पण शिक्षकांच्या मनासाठी एक चौकटही मी कुठल्या तक्त्यात अजून पाहिलेली नाही.

हे लिहीत असताना माझ्या गावची प्राथमिक शाळा आठवत होती. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी शाळा निघाल्या त्यांतलीच एक, दोन खोल्या, बाहेर फणसाला टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. आमच्या वर्गात एका पाडेल्याचा मुलगा होता. त्याचा बाप माडावरून पडून गेला. मुलगा शाळेत येईना. आमच्या बाई शेताच्या मेरेवरून चालत त्याच्या घरी गेल्या, एकदा नाही, तीनदा. तो आला तेव्हा त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घंटा मारायचं काम त्याच्याकडे दिलं. आम्ही सगळे त्या कामासाठी टपून होतो, त्यामुळे आमचा जळफळाट झाला. पण घंटा वेळेवर मारायची तर शाळेत सगळ्यांच्या आधी यावं लागतं. तो येऊ लागला. चौथीला तो चांगल्या गुणांनी पास झाला.

गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताच्या गर्दीत या बाई दिसल्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालीत. मी पुढे होऊन नमस्कार केला. "खंयचो रे तूं?" त्यांनी चष्मा वर करत विचारलं. गावाचं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, तेव्हा ओळख पटली. मी त्यांना त्या घंटेची आठवण करून दिली. म्हटलं, बाई, तुम्ही तेव्हा त्या मुलासाठी जे केलंत ते आजकाल परिपत्रकात येतं.

त्यांना ते अजिबात आठवत नव्हतं. मुलगा अंधुक आठवला, घंटा नाही.

"ते वर्ष मला वेगळ्याच कारणाने आठवतं," त्या म्हणाल्या. "माझी बदली तुमच्या गावी झाली तेव्हा माझी धाकटी दीड वर्षाची होती. तिला आईकडे काणकोणला ठेवून आले होते. शनिवारी दुपारी सुटायचे आणि रात्री पोचायचे. ती झोपलेली असायची. वर्षभर शाळेत कोणी मला विचारलं नाही हो, बाई, तुमचं मूल कुठे आहे."

मी काही बोललो नाही. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि समोरच्या बाईला सुक्या मिरच्यांचा भाव विचारला.